बरां होता

मासे खाऊन बाहेर आलो, पाऊस भुरभुरत होता, नवरा गाडी काढायला गेला होता आणि आई, मी नि लेक हॉटेलच्या छपराखाली उभ्या होतो. आई पदराला हात पुसत म्हणाली, "बरां होता."

बस. एवढंच.

आता यात काय एवढं असं कुणालाही वाटेल. आईला जेवायला नेलं, तिने बरं म्हटलं, अजून काय पाहिजे. पण माझी आई जेवणाला बरं म्हणत नाही. जेवण आवडलं असेल तर ती नावं ठेवते, आणि फारच आवडलं असेल तर जरा जास्त ठेवते. स्वतःच्या हातच्या कालवणालाही सोडत नाही, पहिल्या घासालाच "वाटप जाडा रवला" म्हणून सुरुवात करते आणि मग अख्खं ताट चाटूनपुसून संपवते. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला बांगडे करून वाढले तेव्हा तिने नऊ चुका काढल्या होत्या, मी मोजल्या होत्या, आणि जाताना उरलेलं कालवण डब्यात भरून घेऊन गेली. "बरां होता" हे तिचं वेगळं खातं आहे. ते लांबच्या नातेवाईकांच्या बारशाला, लग्नाच्या पंगतीत, नवऱ्याच्या साहेबांकडे. आचवताना, यजमानीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं आणि निघायचं. म्हणजे परक्यांकडे. आणि हे तिने मला म्हटलं. मी नेलेल्या हॉटेलाला, म्हणजे एका अर्थाने मलाच. गाडीत बसेपर्यंत मी काही बोलले नाही पण ते डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

आई जूनमध्ये आली होती, गुडघा दाखवायला. कोकणात, गावी पाऊस सुरू झाला की तिचा गुडघा बोलायला लागतो, आणि यावेळी डॉक्टर, एक्सरे, फिजिओथेरपी असं करत करत महिना गेला. माझा नवरा साताऱ्याकडचा, त्यांच्यात मटण म्हणजे मटण आणि मासे म्हणजे वास, त्यामुळे आमच्या घरात मासे होतात पण खिडक्या उघडून, एक्झॉस्ट लावून, जरा चोरून केल्यासारखे होतात. आई बिचारी दुधी, दोडका, मूगडाळ खात होती आणि तक्रार करत नव्हती. तक्रार करत नव्हती हेच मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं, पण ऑफिस, लेकीची शाळा, यात कोण लक्ष देतं. मग आमच्या इकडे, बाणेरच्या पट्ट्यात, एका नव्या बिल्डिंगच्या खाली एक सीफूडचं हॉटेल उघडलं. झेंडूच्या माळा, निळ्या लाईटचा बोर्ड, बाहेर रांग, ऑफिसच्या ग्रुपवर त्याचे रील्स. मी ठरवलं की आईला न्यायचं. आई आधी नाहीच म्हणाली. "आता बंदी आसा मां? आता कसले मासे?" मी म्हटलं अगं हॉटेलात सगळं मिळतं बारा महिने. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जानेवारीत हापूस आणते म्हणाले असावी.

तिचं गणित साधं आहे. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, समुद्र बंद. सरकारी नियम यांत्रिक बोटींना आहे, वल्ह्याच्या छोट्या होड्यांना नाही, पण त्या पावसात छोटी होडी घालतंय कोण. होड्या किनाऱ्यावर चढवून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी घरात येतात. माशांच्या पोटात अंडी असतात, वर वारा नि लाटा असल्या की माणसाने समुद्राच्या वाटेला जायचंच नाही, हे सरकारने सांगायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. म्हणून मे महिन्यात बेगमी करायची. सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोलंबी, बारीक गोलमो, कोकमाचं आगळ नि सोलं, सगळं डब्यात आणि बरण्यांत. मग बाहेर धो धो पाऊस आणि घरात चुलीवर सुका बांगडा भाजल्याचा वास, तो वास शेजारच्या घरापर्यंत जायचा आणि शेजारचा आमच्याकडे यायचा, कुणाकडे आज काय आहे हे विचारायची गरजच नसायची. मधेच कुणीतरी चढणीचे मासे आणून द्यायचं, पहिल्या पावसाला ओहोळातून उलटे वर चढणारे. ते दोन महिने ताजी मासळी नसायची याचं मला लहानपणी फार दुःख व्हायचं. आता वाटतं की वर्षाला एक आकार होता त्याने.

तर हॉटेल. आत गेल्या गेल्या एसीचा गारवा आणि लिंबाच्या सेंटचा वास, माशाचा वास औषधालाही नाही. नवरा खूश. भिंतीवर जाळी टांगलेली, त्यात काचेचे गोळे आणि प्लास्टिकचे स्टारफिश, एक जहाजाचं चाक, आणि कॅश काउंटर म्हणजे चक्क एक होडी. मधोमध कापलेली, वर काच टाकलेली, निळा रंग नव्याने मारलेला. लेक फोटो काढायला धावली. आई मात्र काउंटरजवळ थांबली आणि वाकून बघायला लागली. मला वाटलं गुडघा दुखतोय. तर ती रंगाच्या खाली हाताने चाचपत होती. जुन्या नंबरचे आकडे नव्या रंगाखालून जरासे वर आलेले होते, बोटाला लागत होते. "कोणाची असात ही?" म्हणाली. मी काय सांगणार. मी म्हटलं डेकोरेशन आहे गं, चल. मला आपलं टेबल जाईल याची काळजी.

मेन्यू हातात आला, जाड पुठ्ठ्याचा, आईने चष्मा लावून सगळा वाचला. पापलेट, सुरमई, हलवा, रावस, सगळ्यांपुढे किमतीच्या जागी ए.पी.एस. तिने मला हळूच विचारलं, "एपीएस खयचो मासो?" मला हसू फुटलं. अॅज पर साइज, म्हणजे जेवढा मासा तेवढे पैसे. त्यावर ती म्हणाली की मग मासा बघूया की आधी. आणि तशी सोय होतीच तिथे! एक पोरगा मोठा स्टीलचा ट्रे घेऊन आला, बर्फाचा चुरा, त्यावर मासे ओळीने मांडलेले, मधे लिंबाच्या फोडी नि कोथिंबीर, सोनार दागिन्यांचा ट्रे पुढे करतो तसा. विशीतला असेल, नवा युनिफॉर्म, हातात पांढरे ग्लोव्हज. आईच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी आलं. ती खुर्चीत पुढे सरकली, एका पापलेटाच्या कल्ल्याकडे बोट नेलं, आणि पोराने ट्रे मागे घेतला. अगदी अदबीने. "मॅडम, हाथ मत लगाइए, हायजीन है."

आईने हात परत घेतला आणि मांडीवर ठेवला.

मग तिने तिच्या हिंदीत विचारलं, अभी तो बंदी है ना, तो ये किधर से आया? तो म्हणाला, रोज आता है मॅडम, एकदम फ्रेश. आईने मान डोलावली. मी एक पापलेट आणि बांगड्याचं तिखलं सांगितलं, नवऱ्यासाठी कोंबडी-वडे, लेकीसाठी फिश फिंगर्स, सोलकढी चार. ट्रे गेला.

मला तो मांडीवर ठेवलेला हात दिसत राहतो. कारण तो हात मी कसा कसा बघितलाय. गावात मासेवाली सकाळी दहाच्या सुमारास यायची, टोपली उतरवायला आई स्वतः हात लावायची, आणि मग जे सुरू व्हायचं ते भांडण होतं की भेट हे मला अजून कळलेलं नाही. आई कल्ला उघडून बघायची, आत लाल पाहिजे, विटकरी नको. डोळा फुगीर पाहिजे, खोल गेलेला नको. पाठीवर अंगठा दाबायची, खळगा पडला आणि भरून आला तर ठीक, नाही आला तर "ह्यो काय कालचो" म्हणून बाजूला. मासेवाली दोन शिव्या द्यायची, आई एक परत करायची, बांगड्यांच्या वाट्यात वर दोन जास्त पडायचे, मग दोघी पायरीवर बसून चहा प्यायच्या आणि मासेवालीच्या सुनेची गोष्ट व्हायची. मासा दाबून बघितला नाही तर मासेवालीला राग आला असता असं मला वाटतं. म्हणजे काय, माझा मासा तुला बघण्याइतकाही वाटला नाही? आणि आई विकत घेतलेल्या माशालाही नावं ठेवतच आत यायची, आणि तो दुपारी तिच्याच हातून सोनं होऊन ताटात पडायचा.

इथे पुण्यात मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात कधी कधी जाते, रविवारी सकाळी, तिथेही दाबून बघता येतं, तिथे आईला न्यायला पाहिजे होतं हे आता सुचतंय. पण मला तिला बसवून खाऊ घालायचं होतं. तिने काही करायचं नाही, काही बघायचं नाही, नुसतं खायचं. ही माझी प्रेमाची कल्पना.

जेवण आलं. दिसायला सुंदर होतं, ते मान्य. पापलेट केळीच्या पानावर, वर रव्याचं असं चिलखत की खाली मासा आहे की पोळी हे काट्याने उघडून बघायला लागावं. आणि लहान. मेन्यूतल्या फोटोच्या निम्मं. आईने हळूच "पोर आसा" म्हटलं, मला वाटलं ती वाढणाऱ्या पोराबद्दल म्हणतेय. नंतर लक्षात आलं की माशाबद्दल. (२०२३ मध्ये पापलेटाला राज्य मासा केलं, आणि त्याच वर्षी चोपन्न जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला, पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, त्याहून लहान धरायचा नाही. आमच्या ताटातलं त्या आकड्यात बसत असेलही, मी काय पट्टी घेऊन गेले नव्हते. पण राज्य मासा म्हणून जो मान आहे तो रव्याखाली दिसत नव्हता एवढं खरं.) सोलकढी गुलाबी, इतकी गुलाबी की लेकीला मिल्कशेक वाटली. फिश फिंगर्स म्हणजे बासा, तो मूळचा व्हिएतनामकडचा, तळ्यात वाढवलेला, ज्याला काटा नाही, वास नाही आणि खरं सांगायचं तर मतही नाही. लेकीला तोच आवडला. आजीने बांगड्याचा काटा एका ओढीत काढून पाठीचा तुकडा तिच्या ताटात ठेवला तर "आजी, काटा असेल" म्हणून तिने तो कडेला सारला. आजीने तो उचलून खाल्ला. कुणाचंच काही चुकलं नाही, आणि तरी मला ढकलल्यासारखं झालं.

आई नीट जेवली. ताटाच्या कडेला काटे कसे एका ओळीत, कंगव्यासारखे. मी दर पाच मिनिटांनी विचारत होते, कसं आहे? "बरां आसा." सोलकढी? "बरी आसा." नवरा वडे खाता खाता म्हणाला, आई तुमच्यासारखं नाही पण मस्त आहे हां, आणि आई हसली, पाहुण्यासारखी. बिल आलं तेव्हा मी पटकन फोल्डर उलटा केला, पण तिने आकडा बघितला होता, ३,४०० आणि वर काहीतरी. काही बोलली नाही. एरवी कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून ती अर्धा तास बोलते.

पुढचे काही दिवस मी स्वतःला वेगवेगळी कारणं देत बसले. पैसे बघून गप्प बसली असेल. जावई समोर होता म्हणून असेल. लेकीच्या घरी राहतोय, तिच्या पैशांनी औषधं चाललीत, वर नावं कुठे ठेवायची असं असेल. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण लहानपणी आजी आमच्याकडे यायची, म्हणजे आईची आई, तीही अशीच सगळ्याला बरं म्हणायची आणि चार दिवसांत गुपचूप पिशवी भरायला घ्यायची. तेव्हा आई तिच्यावर चिडायची, म्हणायची, आये, काय होया ता सांग ना! आणि आजी म्हणायची काय नको बाय माका, सगळा बरा आसा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. आता चौकट बदलली एवढंच. विचारून टाकायचं ना, असं नवरा म्हणाला. पण असं कसं विचारणार, की तू मला नावं का ठेवत नाहीस?

जुलै संपायच्या आत आई गेली. श्रावण आपल्या घरी पाळायचा म्हणाली. स्टँडवर मी तिच्या पिशवीत बिस्किटं कोंबत होते आणि ती "बरां हां, बरां हां" करत होती.

गटारीच्या आदल्या दिवशी घरी नवऱ्याचे मित्र यायचे होते आणि मी पार्सल आणायला त्याच हॉटेलात गेले. गर्दी म्हणजे गर्दी, अख्खं पुणं श्रावणाच्या आधी शेवटचा घास घ्यायला लोटल्यासारखं. होडीच्या काउंटरपाशी उभी होते पाऊण तास. तोच ट्रेवाला पोरगा पार्सलं बांधत होता. त्याने मला ओळखलं, म्हणाला, दीदी, वो आंटी नहीं आयी? जिनको मछली पकडके देखना था? मला जरा लाजल्यासारखं झालं, म्हटलं गावी गेली. गावी कुठे? समुद्रावर. मग तो खुलला. तोही समुद्रावरचाच निघाला, ओडिशाचा, बालेश्वरकडचा, बाप आणि मोठा भाऊ होडीवर. मी विचारलं की मग तू तिला खोटं का सांगितलंस, आता बंदी असते ना. तो म्हणाला, झूठ नहीं दीदी, आपके यहाँ बंदी है. हमारे उधर पंद्रह अप्रैल से चौदह जून. फिर खुल जाता है.

मी तिथेच गार. एवढं साधं. पूर्वेच्या किनाऱ्याची बंदी आधी सुरू होते आणि आधी संपते, म्हणजे जुलैमध्ये आपला समुद्र बंद असतो तेव्हा तिकडच्या होड्या महिनाभर आधीच बाहेर पडलेल्या असतात. तो मासा कुठून आला हे मालकालाच माहीत, पण तिकडून आला असेल तर त्यात काहीच लपवाछपवी नव्हती. मी आयुष्यभर एकच समुद्र धरून चालले होते. आणि हा पोरगा दोन महिन्यांपूर्वी घरी फोन करून बापाला विचारत असणार की होडी कधी घालताय. मी विचारलं, बंदीत काय खाता मग? तर म्हणाला, सुखुआ. म्हणजे? म्हणजे सूखी मछली, माँ भूनके देती है, भात में पानी डालके उसके साथ. आणि हे सांगताना त्याने नाकाने असा एक वास घेतला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं, लिंबाच्या सेंटच्या त्या एसीत. मग म्हणाला की आंटीला ट्रेला हात लावू दिला नाही म्हणून वाईट वाटलं, मॅनेजर बघत होता, नाहीतर माझी आई पण अशीच कान उघडून बघते. कल्ल्यांना तो कान म्हणत होता. आमच्या पार्सलमध्ये त्याने चार वडे जास्त टाकले.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आईला फोन केला. उपास होता तिचा. गुडघा बरा आहे, पाऊस फार आहे, होड्या अजून वरच आहेत, बंदी उठली तरी नारळीपौर्णिमेचा नारळ समुद्रात पडल्याशिवाय आमच्या इथले कोण जात नाहीत, असं सगळं झालं. मग मी तिला पोराची गोष्ट सांगितली. तिकडची बंदी चौदा जूनला संपते हे तिने दोनदा विचारून घेतलं. सुखुआ ऐकून ती हसली, खूप हसली, "सुखुआ म्हणतत? आमचा सुकाच ता!" आणि मग जरा वेळ गप्प. मला वाटलं रेंज गेली.

"म्हणजे मासो ताजो होतो," ती म्हणाली.

हो ना, मी म्हटलं, असणार.

"मगे तर तेनी वाटच लावल्यान."

मी बाल्कनीत होते, तिथेच खाली बसले. ती सुरू झाली. पापलेटाक कोण तिरफळ घालता गो, तिरफळ बांगड्याक, आणि बांगड्यात घातल्यान ती अख्खी, ठेचूक सुद्धा नाय. सोलां खय होती, चिच घातल्यान चिच. सोलकढीक नारळाचो रस डब्यातलो, माका पयल्या घोटाक कळला. रवो एवढो, की घर सारवक घेतल्यान? वड्याच्या पिठात मेथी नाय. आणि ती होडी, ती होडी कापल्यानी कशाक, चांगली फणसाची फळी ती, अजून धा वर्सा चलली असती. मी हं हं करत होते. मागे तिच्या ओटीवर पाऊस पडत होता, तो फोनमधून ऐकू येत होता. मी मधेच म्हटलं, आये, तुझो उपास आसा ना आज, मासळीच्या गजाली काय करतंस? तर म्हणाली, बोलल्यान काय मोडता, खाऊक थोडाच घेतलंय, आणि हां, त्या पोराक सांग, पुढच्या वेळी मी येयन तेव्हा तो कान काय ता उघडून दाखव म्हणा. आणि तुझ्या त्या बिलाचा पण बोलाचा आसा माका, बस जरा, चाय ठेवन येतंय.